काळाचौकीचा अंतिम सामना आणि मनाकाकांची मतं

अकोल्याहून निघताना माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी आणि एक पत्र होतं. पत्र मुंबईच्या काळाचौकीहून आलं होतं. आमच्या दैनिकाच्या क्रीडापानावर मी लिहिलं होतं की, व्यावसायिक लीग सुरू झाल्यापासून मुंबईच्या गल्लीतली कबड्डी नावापुरती उरली आहे. हे वाक्य मी अकोल्यात बसून लिहिलं होतं. मनोहर धुरी नावाच्या गृहस्थांची बहीण अकोल्यात असते. तिनं कात्रणाचा फोटो भावाला पाठवला आणि भावानं संपादकांना चार पानी उत्तर पाठवलं. त्याचा शेवट असा होता : ‘आपल्या बातमीदारबाईंनी काळाचौकी पाहिली आहे काय? फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आमच्या मैदानावर पुरुषांचा अंतिम सामना आहे. यावे. राहण्याची सोय होणार नाही, जेवणाची होईल.’

संपादकांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “मग?”

शुक्रवारी सकाळी दादरला उतरले. स्टेशनाबाहेर पुलाखाली फुलांचा बाजार भरला होता. झेंडूच्या ढिगावर पाणी मारणं चालू होतं आणि त्या पाण्यातून लोक चपला वाचवत चालले होते. एका उपाहारगृहात मिसळ खाल्ली. वऱ्हाडातून गेलेल्या माणसाला ती तिखट लागत नाही. वेटरनं “तिखट चालेल ना?” असं काळजीनं विचारलं होतं. दुसऱ्यांदा तर्री मागितल्यावर त्यानं परत विचारलं नाही.

राहायची व्यवस्था गिरगावात होती. एका जुन्या सहकाऱ्याची खोली तिथल्या एका वाडीत (एकाच आवाराभोवतीच्या चाळींना इथे वाडी म्हणतात) रिकामी होती. पिशवी ठेवून दुपारी कोपऱ्यावरच्या खानावळीत गेले. शेजारच्या टेबलावर साठीचे दोघे जण जेवत होते. एकानं चष्मा कपाळावर ढकलला होता, दुसऱ्याच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट होता. वाद क्रिकेटचा होता. वीस षटकांच्या लीगमध्ये सामना चालू असताना एक खेळाडू बदलता येतो, त्या नियमावर.

“अकरा जणांचा खेळ आहे ना? मग हा बारावा कशाला?” चष्मेवाले म्हणाले.

“अरे, रंगत वाढते.”

“कसली रंगत? बारावा म्हणजे तुझा मेव्हणा. लग्नात हातात ताट धरलं नाही, पण पहिल्या पंगतीला हजर.”

“मेव्हण्याला मध्ये आणू नकोस. बारावा सरळ बॅटिंग करून जातो, फिल्डिंगची कटकट नाही. तुला पण तेच पाहिजे असतं घरी.”

“आणि अष्टपैलू खेळाडूनं काय करायचं? जो थोडी बॅटिंग, थोडी बोलिंग करतो? त्याला विचारणार कोण?”

“अष्टपैलू म्हणजे तूच ना. थोडं हे, थोडं ते, धड काहीच नाही.”

खानावळीच्या मालकीणबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, “सुरमई संपत आली आहे. आधी नियम बदलून घेताय की जेवताय?”

दोघंही हसले आणि सुरमई मागवली. मग माझ्याकडे वळून चष्मेवाल्यांनी चौकशी केली. अकोल्याहून कबड्डी बघायला आले, असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “इतक्या लांबून? कबड्डीला? मग तुम्ही लालबागकडे जा. इकडे आम्ही सगळे क्रिकेटनं बिघडलेले.”

लालबागला जायला टॅक्सी केली. भायखळ्याच्या पुढे चालकानं विचारलं, “ऊपर से, या नीचे से?” वरून लवकर पोचू असं वाटून मी “वरून” म्हटलं. टॅक्सी उड्डाणपुलावर चढली. दोन्ही बाजूंना चाळींची कौलं आणि त्यांच्या मागे काचेचे उंच मनोरे. एका गिरणीचं धुराडं अजून उभं होतं. दृश्य सुंदर होतं, पण लालबाग त्याच्या खाली होतं आणि ते मागे पडलं. पूल उतरलो तेव्हा परळही मागे पडलं होतं. धुरींचा फोन आला.

“कुठे आहात? मी लालबागच्या नाक्यावर उभा आहे.”

“पुलाच्या पलीकडच्या टोकाला.”

“वरून आलात?”

“हो.”

“अहो बाई, लालबागला येणारा माणूस पुलाखालून येतो. पुलावरून माणूस लालबाग सोडून जातो.”

मागे चालत आले. ते बरं झालं, कारण वाटेत मसाल्याची गल्ली लागली. मिरच्यांचे लाल डोंगर, डंक (मसाला कुटायचं यंत्र) धपधप चाललेले आणि रांगेत डबे घेऊन उभ्या बायका. गल्लीत शिरल्यावर तिसऱ्या पावलाला मला शिंक आली. त्यानंतर मी मोजल्या नाहीत. एक बाई म्हणाल्या, “नवीन दिसता. श्वास तोंडानं घ्या.”

मनोहर धुरी म्हणजे मनाकाका. वय सत्तरीच्या आसपास, उंची बेताची, खांदे अजून खेळाडूचे. कुटुंब मूळचं कुडाळकडचं. ऐन पंचविशीत गिरणी बंद पडली, पुढची वर्षं एका औषध कंपनीच्या गोदामात गेली. तरुणपणी ते डाव्या कोपऱ्यात खेळत. कोपरारक्षकाचं काम म्हणजे चढाई करणाऱ्याचा पाय पकडणं. हस्तांदोलन करतानाही ते समोरच्याच्या पायांकडे बघत होते.

घर काळाचौकीला एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, गॅलरीत तुळस आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या पँटी. त्यांच्या पत्नी मालतीकाकूंनी काळ्या वाटाण्यांचं सांबारं (खोबऱ्याच्या वाटणातली उसळ) आणि आंबोळ्या वाढल्या. ताट समोर आलं आणि मनाकाकांची मतं सुरू झाली. ती मी वहीत उतरवून घेतली. क्रम त्यांचाच आहे.

आधी मॅट. “लीगवाले रबरावर खेळतात, बूट घालून. माती पायाला सांगते कुठे थांबायचं ते. मॅट काही सांगत नाही, धरून ठेवतो. म्हणून पोरांचे गुडघे जातात.”

मग लिलाव. “पोरगा यंदा एका शहराचा, पुढच्या वर्षी दुसऱ्याचा. परवा ज्याला शिव्या घातल्या त्याला आज टाळ्या वाजवायच्या? मी टोपी कुठल्या रंगाची घालू?”

तिसरं मत रिव्ह्यूबद्दल. पंचांचा निर्णय पटला नाही की लीगमध्ये कर्णधार दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत चौकोन काढतो, आणि मग टीव्हीवर पुन्हा बघून निर्णय होतो. “हे मला मुळीच मान्य नाही. देवानं पंचाला डोळे दिलेत. खेळाडू चुकतो तसा पंच चुकतो. आपण घरी येऊन दोन घास कमी जेवतो. संपलं. चौकोन कसला काढता? पंच म्हणजे काय फोटोग्राफर?”

“आणि लीगचा एक सामना सोडत नाहीत,” काकू मला म्हणाल्या. “तीन महिने रिमोटला हात लावू देत नाहीत.”

“बघतो म्हणून बोलतो. न बघता लिहायला मी काय पेपरवाला आहे?”

यावर मी आंबोळी खाल्ली.

तेवढ्यात त्यांची सून अपर्णा शाळेतून आली. वय अडतीस, परळच्या एका शाळेत ती खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी होती, ती तिनं खुंटीला अडकवली. पूर्वी ती चढाया करायची. सव्विसाव्या वर्षी खेळणं थांबलं, कारण पुरुषांची लीग दरवर्षी ठरल्या वेळी होते आणि बायकांची कधी होते, कधी होत नाही. मग तिनं पंचांची परीक्षा दिली. आतापर्यंत तिला मुलींचे आणि कुमार गटाचे सामने मिळत आले होते. उद्याच्या अंतिम सामन्यात ती सरपंच होती. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, त्याचा शब्द शेवटचा. पुरुषांच्या अंतिम सामन्यात तिची ही पहिलीच वेळ. सामन्याला जिल्ह्याचे निरीक्षक येणार होते. त्यांचा अहवाल चांगला गेला तर राज्य स्पर्धेच्या पंचांमध्ये तिचं नाव लागणार होतं. बिघडला तर पुन्हा कुमार गट, आणि पुन्हा अशी संधी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

एक अडचण होती. अंतिम सामना काळाचौकी विरुद्ध वरळी असा होता आणि काळाचौकीच्या संघाचे मनाकाका जन्मापासूनचे चाहते आणि सभासद होते.

“मी लिहून दिलंय,” अपर्णा म्हणाली. “सासरे त्या मंडळाचे सभासद आहेत, प्रेक्षकांत बसतील. निरीक्षकांना चाललं. म्हणाले, गिरणगावात नातं नसलेला पंच शोधायचा तर बाहेरगावाहून आणावा लागेल.”

“मी तोंडाला कुलूप लावणार,” मनाकाका म्हणाले.

“आणि आपलं काय ठरलंय, बाबा?”

“जिना उतरलो की तू सूनबाई नाहीस.”

“मग कोण?”

“सरपंच.” हा शब्द त्यांनी घशात काटा अडकल्यासारखा उच्चारला.

शनिवारी सकाळी अपर्णाला दादरला शिट्टीची नवी दोरी घ्यायची होती. मी बरोबर गेले. दोरी पाच मिनिटांत मिळाली, पण आम्ही अर्धा तास एका सिग्नलपाशी उभ्या राहिलो. ती रस्ता ओलांडणाऱ्यांचे पाय बघत होती.

“बोनस गुण कसा मिळतो माहीत आहे ना?” तिनं विचारलं. “चढाई करणाऱ्याचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत पाहिजे. सगळे पुढचा पाय बघतात. पंचानं मागचा बघायचा. म्हणून मी इथे येते. हे पांढरे पट्टे म्हणजे माझ्या रेषा.”

समोरून एक गृहस्थ फुलांची पुडी घेऊन आले. “बोनस,” ती म्हणाली. मागून कॉलेजची मुलगी फोनवर बोलत आली. “नाही. मागचा पाय घासतेय.” एक आजीबाई काठी टेकत आल्या. अपर्णानं जरा विचार केला. “आजींचा पाय उचललेला नाही, पण काठी हवेत आहे. नियमात काठीचं काही लिहिलेलं नाही.”

रिव्ह्यूबद्दल तिचं मत सासऱ्यांच्या उलट होतं. “मला मिळाला तर हवाच आहे. टीव्हीनं चूक दाखवली तर मी वाचले, खेळाडूही वाचला. इथे टीव्ही नाही. इथे मी चुकले तर चुकलेलीच राहते.” मग म्हणाली, “आणि बाई चुकली की पंच चुकला असं कुणी म्हणत नाही. बाई चुकली असंच म्हणतात.”

संध्याकाळी पाचला मैदानावर पोचले. तिन्ही बाजूंना चाळी, चौथ्या बाजूला बांधकामाचे पत्रे. मधोमध मातीचं क्रीडांगण, पाणी मारून चोपलेलं. चाळींच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर काकू दिसल्या, त्या गवार निवडत बसल्या होत्या. गल्लीतली कबड्डी नावापुरती उरली आहे हे माझं वाक्य मला आठवलं. मला बसायला जागा मिळत नव्हती.

मनाकाकांची जागा मात्र पक्की झाली होती, आणि ती चुकीची होती. काळाचौकीच्या संघाच्या व्यवस्थापकांना दुपारी ताप भरला. मंडळानं मनाकाकांना सांगितलं, “तुम्ही बसा बाकावर.” त्यांना वाटलं, पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली. गळ्यात ‘व्यवस्थापक’ लिहिलेलं ओळखपत्र अडकवून ते राखीव खेळाडूंच्या शेजारी जाऊन बसले. अपर्णा मैदानावर आली तेव्हा संघ ओळीनं उभे होते. तिचं लक्ष बाकाकडे गेलं. ती क्षणभर थांबली, पण नाणेफेक समोर होती.

पहिला डाव वरळीचा. त्यांचा कर्णधार सिद्धार्थ, उंच, सडपातळ. त्यानं दोन चढायांत उरलेले तीन गडी टिपले आणि काळाचौकीवर लोण चढवला (समोरचे सातही जण बाद होणं म्हणजे लोण). गॅलरीतून एक बाई ओरडल्या, “अरे, त्याला लिफ्टनं खाली पाठवा!” सिद्धार्थचं कुटुंब वरळीच्या बीडीडी या जुन्या सरकारी चाळीतून नुकतंच नव्या इमारतीत विसाव्या मजल्यावर गेलं होतं आणि ही बातमी काळाचौकीपर्यंत पोचलेली होती. सिद्धार्थनं वर बघून हात जोडले. “लिफ्ट बंद आहे, काकी! चालतच आलोय!”

मध्यंतरात मनाकाकांनी मला तोंडाला कुलूप लावल्याची खूण करून दाखवली.

दुसऱ्या डावात काळाचौकीनं फरक भरून काढला. शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा गुण समान होते. काळाचौकीचा चढाईपटू आत गेला, बोनस रेषेवर पाय टाकून परतला आणि त्यानं बोट वर केलं. बाजूच्या पंचानंही गुण दिला. मैदान उसळलं. अपर्णानं शिट्टी वाजवली, आपल्या टाचेवर हात मारून दाखवला आणि हात आडवा फिरवला. मागचा पाय जमिनीला होता. बोनस नाही.

मनाकाका उठले. त्यांचे हात वर गेले आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की, बोटांनी ते हवेत चौकोन काढत होते.

“रिव्ह्यू! रिव्ह्यू घ्या!”

शेजारचा राखीव खेळाडू म्हणाला, “काका, आपल्याकडे टीव्हीच नाही.”

अपर्णा बाकापाशी आली. आवाज सरळ, शाळेत लावतात तसा. “व्यवस्थापक, बाकावर बसा.”

आणि मग कुलूप तुटलं. राग आला की मनाकाका मालवणीत जातात. “अगो सूनबाय, डोळे खंय तुझे? पाय हवेत होतो त्याचो!”

‘सूनबाय’ हा शब्द पहिल्या मजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकला होता. वरळीच्या सातही खेळाडूंनीही ऐकला होता. अपर्णानं खिशातून हिरवं कार्ड काढलं, म्हणजे अधिकृत ताकीद, आणि सासऱ्यांच्या नाकासमोर धरलं. मनाकाका बसले.

पण तोवर वरळीचे प्रशिक्षक निरीक्षकांच्या टेबलापाशी पोचले होते. सरपंच समोरच्या संघाच्या व्यवस्थापकाची सून आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं. निरीक्षक जाड भिंगाच्या चष्म्याचे, हळू बोलणारे. त्यांनी अपर्णाला बोलावलं. मी टेबलाच्या मागेच उभी होते.

“सासरे प्रेक्षकांत बसतील असं तुम्ही लिहिलं होतं.”

“हो सर. ते बाकावर बसणार हे मला माहीत नव्हतं. नाणेफेकीला दिसलं तेव्हाच मी सांगायला हवं होतं. ती चूक माझी.” मग तिनं गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. “वरळीच्या कर्णधारानं सांगितलं तर उरलेला सामना दुसऱ्या पंचांना द्या.”

शिट्टी नव्या दोरीसकट टेबलावर पडून होती. ती गेली तर अहवालात काय लिहिलं जाईल हे तिला माहीत होतं आणि निरीक्षकांनाही. त्यांनी सिद्धार्थला बोलावलं. तो धापा टाकत आला. प्रशिक्षक त्याच्या कानाशी लागले. त्यानं ऐकून घेतलं आणि अपर्णाकडे वळला.

“मॅडम, एक विचारू? घरी यांना जेवायला कोण वाढतं?”

“कधी सासूबाई, कधी मी.”

“आज?”

“आज मी.”

सिद्धार्थनं बाकाकडे बघितलं. मनाकाका दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. “सर,” तो निरीक्षकांना म्हणाला, “घरच्या माणसाला कार्ड दाखवणारा पंच परत कुठे मिळणार? आम्हाला बदली नको.”

निरीक्षकांनी त्याच्याकडून तसं लिहून घेतलं आणि शिट्टी अपर्णाकडे सरकवली.

शेवटच्या अर्ध्या मिनिटाला गुण अजून समान होते आणि चढाई वरळीची होती. सिद्धार्थ स्वतः गेला. त्यानं उजव्या कोपऱ्याला पाय लावला, वळला आणि परतताना मागून त्याची कंबर धरली गेली. दोघे, मग चौघे. तो पडला तो हात लांब करून. बोटं मध्यरेषेला लागली असती तर वरळीला गुण आणि करंडक. नसती तर काळाचौकीला. एका बाजूच्या पंचानं हात वरळीकडे केला. दुसऱ्याला मध्ये माणसं आल्यानं काही दिसलं नव्हतं. अपर्णा रेषेवर वाकलेली होती. ती सरळ झाली आणि तिनं निर्णय दिला : चढाईपटू बाद. गुण काळाचौकीला.

म्हणजे सासऱ्यांच्या संघाला.

वरळीहून आलेले लोक उठले. “सूनबाईनं आहेर केला!” असं कुणीतरी ओरडलं. दहा-बारा फोन पुढे आले. “मॅडम, बघा, रेकॉर्ड केलंय! मॅडम, माझ्यात क्लिअर आहे!” तिनं एकाही फोनकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर नियमाबाहेर गेली असती, आणि पुढच्या प्रत्येक सामन्याला गल्लीतला प्रत्येक फोन पंच झाला असता.

अंगावरची माणसं उठली. सिद्धार्थ सर्वांत शेवटी उठला. तो रेषेकडे बघत होता. मातीवर रेषा फक्कीनं (चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं) आखतात आणि मध्यंतरात ती नव्यानं आखली होती. रेषा दोरी लावल्यासारखी सरळ होती, कुठे पुसलेली नव्हती. त्यानं स्वतःचा तळहात बघितला. मग तो हात उंच करून आधी आपल्या लोकांना, मग तिन्ही चाळींना दाखवला. बोटं टोकापर्यंत तांबडी होती. पांढरं कुठेच नव्हतं.

“नाय पोचलो,” तो म्हणाला. “चार बोटं कमी पडली. बसा खाली.”

लोक बसले. त्यानंतर टाळ्या वाजल्या, आधी वरळीच्या बाजूनं. काळाचौकीचे खेळाडू नाचायला लागले, गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या. मनाकाकांचा संघ जिंकला होता आणि ते जागचे हलले नव्हते. हात अजून मांडीखालीच होते. मी विचारलं, “काका, उठा ना.”

“दुसरं कार्ड पिवळं असतं,” ते ओठ न हलवता म्हणाले. “तिचा भरवसा नाही.”

निरीक्षकांनी वही मिटली. जाताना त्यांनी क्रीडांगणाला एक चक्कर मारली आणि मध्यरेषेपाशी थांबून खाली बघितलं.

घरी परतताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर मनाकाका थांबले. “आता चढायला लागलो. आता बोललो तर चालेल?”

“बोला.”

“पाय जमिनीला होता?”

“होता, बाबा. अंगठा.”

ते दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले. मग म्हणाले, “अंगठा कोण बघतं?”

जेवायला कुळथाची पिठी, भात आणि तळलेला बांगडा होता. अपर्णानं वाढलं. मनाकाकांच्या ताटात मोठा बांगडा पडला, हे मी नोंदवून ठेवते. ती स्वतः मात्र फारसं जेवली नाही. नाणेफेकीला आपण बोललो नाही, ही एकच गोष्ट तिच्या डोक्यात फिरत होती. “बाकीचा सामना बरोबर झाला, पण अहवालात पहिलं तेच येणार,” ती म्हणाली. काकूंनी तिच्या ताटात भात घातला. मनाकाकांनी आपल्या बांगड्याचा अर्धा भाग तिकडे सरकवला आणि कुठलंही मत मांडलं नाही.

रविवारी दुपारची गाडी दादरहून होती. पिशवीत काकूंनी दिलेला मसाला होता आणि तो डब्यातून वास देत होता. भुसावळ येईपर्यंत मी दुरुस्तीचा मजकूर लिहून काढला. बातमीदार म्हणून माझी चूक अपर्णासारखीच होती : जे वेळेवर बघून सांगायला हवं होतं ते सांगितलं नव्हतं. लीगमध्ये कॅमेरे आहेत, पैसा आहे, रिव्ह्यू आहे, आणि ते सगळं असावं. चाहत्यांची त्याबद्दलची मतं टोकाची आहेत, आणि तीही असावीत. पण निर्णय शेवटी कुणावर तरी विसंबून असतो. काळाचौकीत तो एका सुनेवर विसंबला आणि ज्याचं नुकसान झालं त्यानंच हात वर करून तो खरा ठरवला. याला कुठला नियम लागू होतो, ते मला अजून नियमपुस्तकात सापडलेलं नाही.

तीन आठवड्यांनी कार्यालयात फोन आला.

“नाव लागलं,” मनाकाका म्हणाले. “राज्य स्पर्धा. अहवालात नाणेफेकीचं लिहिलंय, खरं तेच लिहिलंय. पण पुढे लिहिलंय की, सरपंचांनी स्वतः चूक सांगितली आणि शिट्टी टेबलावर ठेवली. त्यावरच घेतलं तिला.”

मी अभिनंदन केलं. ते स्पर्धेला जाणार का, असं विचारलं.

“जाणार तर. प्रेक्षकांत बसणार, सगळ्यात मागे. बाकाच्या आसपास फिरकायचं नाही असं तिनं लेखी घेतलंय माझ्याकडून.”

“काळाचौकीचा संघ आहे का त्या स्पर्धेत?”

“नाही हो. ती जिल्ह्यांची स्पर्धा.”

“मग तुम्ही कुणाच्या बाजूनं?”

त्यांच्या मागे काकू काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या.

“पंचांच्या,” मनाकाका म्हणाले.